जेलरोडच्या रिक्षावाल्या भाऊंना

प्रिय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हालाच आहे, पण चार लोकांनी वाचावं म्हणून असं उघड लिहिते आहे. तुमचं नाव घालायची माझी फार इच्छा होती. तुम्ही म्हणालात, "मावशी, नाव नको, स्टँडवरचे बाकीचे चिडवतील." म्हणून घालत नाही. आपल्या भागात तुम्हाला ओळखत नाही असं घर विरळाच.

या डिसेंबरात आमच्या लग्नाला ५० वर्षं झाली. दसऱ्यापासून त्या दिवसापर्यंतचे सगळे सण आम्हा दोघांना हवे तसे साजरे करता आले, ते तुमच्यामुळे. हे नुसतं तोंडी सांगून माझं समाधान होईना.

हे नोटप्रेसमधून निवृत्त झाले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून. मुलांनी कितीदा बोलावलं, पण नाशिक सोडवलं नाही. इथली हवा मानवते, ओळखीची माणसं आहेत, संध्याकाळी मुक्तिधामपर्यंत फेरी मारली की दिवस चांगला जातो. पावसाळ्यात हे घरातच पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून घरातलं बोलणंच बदललं. मुलगा फोनवर म्हणायचा, फराळ विकत आणा. मुलगी म्हणायची, किराणा मी इथून मागवते, तुम्ही खाली उतरूच नका. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांचं एकच, "आता आराम करा." मायेनंच म्हणायचे सगळे. पण येणारा जाणारा प्रत्येक जण आराम करा म्हणायला लागला की आपलं करायचं काही उरलंच नाही असं वाटायला लागतं. हे तर दिवसदिवस गॅलरीत बसून असायचे. पेपरची घडीसुद्धा मोडायचे नाहीत.

तुम्ही त्यांना फिजिओथेरपीला न्यायला यायचात. एक दिवस परत येताना तुम्ही विचारलंत, "काका, अजून कुठं जायचंय का?" इतके दिवस हे कुणी विचारलंच नव्हतं. हे म्हणाले, "रविवार कारंजा." तुम्ही रिक्षा वळवलीत. चांदीच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडून आलात दोघं, आणि घरी आल्यावर यांनी आपणहून चहा मागितला. मला तेव्हाच कळलं की यंदा दिवाळी होणार.

चकलीची भाजणी मी घरी भाजते. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, धणे, जिरे, सगळं मंद आचेवर वेगवेगळं. पण खरी परीक्षा गिरणीत. गव्हाच्या दळणावर भाजणी दळली की चकलीची मजा गेली. मी तुम्हाला डबा देताना हे दोनदा बजावलं. तुम्ही गिरणीत उभे राहिलात, गव्हाचे दोन डबे पुढे जाऊ दिलेत, कुणाचं तरी तांदळाचं दळण झाल्यावर म्हणालात, "आता आमच्या मावशींचं टाका." हे मला गिरणीवाल्यांनी नंतर सांगितलं, तुम्ही नाही. चकल्या मी केल्या, सोऱ्या यांनी फिरवला. काटा सुरेख आला होता. मुलांना पाठवलेल्या डब्यातला फराळ संपल्यावर मुलीचा फोन आला, "आई, विकतचं आण म्हटलं होतं ना," आणि पुढच्याच वाक्यात, "अजून थोड्या आहेत का?"

बाजाराचंही तसंच. सिंहस्थाची कामं चाललेली, जागोजागी रस्ते उकरलेले, त्यात दिवाळीची गर्दी. तुम्ही सहज म्हणू शकला असता, मावशी, यादी द्या, मी आणतो. तुम्ही मला मेनरोडला नेलंत, भांडीबाजारात नेलंत, आणि माझी घासाघीस संपेपर्यंत पिशवी धरून थांबलात. मध्ये एक शब्द बोलला नाहीत. पितळी समई मी ठरवलेल्या भावातच घेतली.

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. ह्यांच्या बोटांचे ठसे मशीन घेईना. अंगठा झाला, सगळी बोटं झाली, हात धुऊन, पुसून पुन्हा झालं. वय झालं की बोटांवरच्या रेषा झिजतात, अनेकांचं असं होतं. पण खिडकीवरच्या माणसानं "पुढच्या आठवड्यात या" म्हटलं तेव्हा यांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर तुम्ही बारावीतल्या तुमच्या मुलाला फोन केलात. चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, ही सोय २०२१ पासून आहे, हे त्या पोराला ठाऊक होतं. सायकल मारत आला. तुमच्याच रिक्षात बसून त्यानं मोबाइल धरला, "आजोबा, चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करा." झालं काम. आपण जिवंत असल्याचा मेसेज मोबाइलवर आला तेव्हा हे किती मोकळं हसले! त्या मुलाला माझे अनेक आशीर्वाद. गणितात काही अडलं तर निःसंकोच येऊ दे, मी अजून शिकवू शकते.

त्रिपुरी पौर्णिमेला पंचवटीत कार्तिकस्वामींचं दर्शन झालं, मोरपीस वाहिलं, गोदाघाटावरचे दिवे पाहिले. गर्दीत तुम्ही आम्हाला कुठंही घाई केली नाहीत.

आता गडाबद्दल. सप्तशृंगी आमची कुलदेवता. १९७५ साली तुळशीची लग्नं झाल्यावर आमचं लग्न लागलं, आणि हळदीच्या अंगानं आम्ही गडावर गेलो होतो. एस.टी.नं आणि पायी. हातभर हिरवा चुडा, शेल्याला गाठ, आणि त्या सगळ्या पायऱ्या. पन्नासाव्या वर्षी पुन्हा जायचं असं यांच्या मनात होतं, पण ऑपरेशननंतर तो विषयच त्यांनी काढला नाही. तुमच्याजवळ मात्र काढला होता, हे मला नंतर समजलं. तुम्ही मेहुण्यांची गाडी आणलीत, दिंडोरी, वणी, नांदुरी असं आम्हाला घेऊन गेलात. २०१८ पासून तिथं ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांचा प्रश्न नव्हता.

आदल्या आठवड्यात देवीचं महावस्त्र मी स्वतः घेतलं होतं. तिला साडी अकरा वार लागते, चोळीला तीन खण. गर्द हिरवं, लाल काठाचं. ते मांडीवर घेऊनच मी ट्रॉलीत बसले.

वर उतरल्यावर यांनी काठी टेकली आणि म्हणाले, "मी चालतो." मी पुढे, हे मध्ये, तुम्ही मागे. मी वळून पाहिलं. तुमचा हात यांच्या पाठीमागे होता, पाठीला टेकलेला नव्हता. तोल गेलाच तर धरता यावं इतक्या अंतरावर. यांना तो दिसत नव्हता. अठरा हातांची ती उंच मूर्ती समोर आली तेव्हा हे स्वतःच्या पायांवर उभे होते. भाऊ, माझ्या ५० वर्षांच्या संसारात मला मिळालेली ही सर्वांत मोठी भेट. ती तुम्ही दिलीत, आणि यांना कळूही दिलं नाहीत. आता हे वाचतील, वाचू देत.

आणखी एक, आणि हे मुद्दाम लिहिते. प्रत्येक वेळी तुम्ही भाडं घेतलंत. जेवढं व्हायचं तेवढंच, वर एक रुपया दिला तर परत. पण घेतलंत. "राहू द्या मावशी" म्हटलं असतंत तर पुढच्या वेळी तुम्हाला हाक मारताना मला दहादा विचार करावा लागला असता. मदत करणारी पुष्कळ माणसं भेटतात. समोरच्याचा मान राखून मदत करणारा माणूस मला क्वचित दिसला आहे.

वहिनींचे आभार वेगळे मानते. लग्नाच्या वाढदिवशी संध्याकाळच्या जेवणाला खापरावरचे मांडे मला करायचे होते, पण हात आता चालत नाहीत. त्या आल्या, चूल सोसायटीच्या मागच्या अंगणात मांडली, पुरण मी वाटलं, कणीक त्यांनी तिंबली. दोन्ही हातांवर मांडा मोठा होत जातो आणि अलगद पालथ्या खापरावर पडतो, ते बघायला आख्खी सोसायटी जमली होती. सोबत सार, कुरडई, भजी आणि साजूक तूप. मुलगी त्याच दिवशी येऊन पोहोचली, मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. औक्षणाच्या वेळी हे म्हणाले, "रिक्षावाल्या भाऊंना पुढे बोलवा." तुम्ही दाराशीच उभे होतात.

संक्रांतीला तुम्ही, वहिनी आणि मुलं तिळगूळ घ्यायला घरी या. आणि चैत्रात कामदा एकादशीला रामाचा आणि गरुडाचा रथ निघतो, तो यांना बघायचा आहे. गर्दीत कुठं उभं राहायचं ते तुम्हीच ठरवा. त्या दिवशीची सवारी आमची, आतापासून सांगून ठेवते.

तुमची,
मावशी