हरलेल्याचंही नाव छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या शालेय बुद्धिबळ स्पर्धांच्या बातम्या तुम्ही आवर्जून छापता, याबद्दल आधी आभार मानते. नंदनवनमध्ये मी लहान मुलांना बुद्धिबळ शिकवते. अशी बातमी आली की तिचं कात्रण आमच्या वर्गात हातोहात फिरतं. पण या बातम्यांतली एक उणीव मला फार सलते. विजेत्याचा चषकासह फोटो असतो, शाळेचं नाव असतं, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांची तर अख्खी रांग असते. शेवटच्या फेरीत तो मुलगा कोणाला हरवून जिंकला, हे मात्र बहुतेक वेळा नसतंच.

हे मला टोचायला लागलं ते वर्गातल्या पोट्ट्यांमुळे आणि त्यांच्या पोकेमॉनमुळे. पोकेमॉन म्हणजे पाळून, शिकवून एकमेकांशी लढवायचे काल्पनिक प्राणी; त्यांचे गेम आहेत आणि त्यावरची कार्टून मालिकाही. मालिकेचा नायक अॅश, गॅरी आणि पॉल हे त्याचे प्रतिस्पर्धी. ही मुलं आपल्या प्रतिस्पर्ध्याला ‘माझा गॅरी’ म्हणतात. एखादा कोणाशी न बोलता कठोरपणे खेळणारा असला की तो ‘पॉल’. ‘असल्या कार्टूनमधून मुलं नुसत्या मारामाऱ्या शिकतात’ अशी पालकांची तक्रार असते. मी स्वतः कार्टून नेटवर्कवर हिंदीतून ही मालिका बघत मोठी झाले, पुढे तिचे मूळ गेमही खेळले. प्रतिस्पर्धी म्हणजे कोण, हे इतक्या मनापासून मुलांना सांगणारं दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही.

मूळ गेम जपानमध्ये 1996 साली, गेम बॉयवर आला. त्यात प्रोफेसर ओक खेळणाऱ्याला तीन पोकेमॉनमधून एक निवडायला सांगतात. तुम्ही निवडलात की त्यांचा नातू नेमका तुमच्यावर भारी पडणारा उचलतो. तुम्ही गवताचा बल्बासॉर घेतला तर तो आगीचा चारमँडर घेणार, तुम्ही चारमँडर घेतला तर तो पाण्याचा स्क्वर्टल. पहिल्या क्षणापासून तो तुमच्या चालीला उत्तर शोधत असतो. बुद्धिबळात काळ्या सोंगट्यांनी खेळणारा करतो तेच हे.

याच गेममधल्या एका गोष्टीचा मला अजून राग येतो. सुरुवातीला ओळख करून देताना प्रोफेसर ओकना सख्ख्या नातवाचं नाव आठवत नाही! ते तुम्हालाच विचारतात आणि तुम्ही टाइप कराल ते त्याचं नाव होतं. पुढे सगळा प्रदेश पालथा घालून तो पोरगा तुमच्या आधी शिखर गाठतो, चॅम्पियन होतो. लगोलग तुम्ही त्याला हरवता. तेवढ्यात आजोबा येतात, तुमचं कौतुक करतात आणि नातवाला सुनावतात, की तू आपल्या पोकेमॉनवर प्रेम आणि विश्वास ठेवायला विसरलास म्हणून हरलास. बोलणं खरं असेलही. पण जो नातवाचं नावही विसरला त्याने ते बोलावं? शाळांच्या सभागृहांत, हरलेल्या मुलाच्या डोळ्यांतलं पाणी आटायच्या आत, हेच बोलणारे मोठे लोक मी पाहते. पुढच्या गेममध्ये हाच मुलगा विरिडियन शहराच्या जिमचा, म्हणजे पोकेमॉन लढतींच्या आखाड्याचा, प्रमुख म्हणून पुन्हा भेटतो, आणि त्याला हरवणं तेव्हाही सोपं नसतं.

मालिकेत या नातवाचाच गॅरी झाला. लाल गाडीतून, जयजयकार करणाऱ्या मुली घेऊन फिरणारा, अॅशला येताजाता टोमणे मारणारा. तो इंडिगो लीग या स्पर्धेत अॅशच्या आधी बाहेर पडतो, तिथून खऱ्या अर्थाने शहाणा होत जातो. पुढच्या जोहतो लीगमध्ये अॅशचा पोकेमॉन चारिझार्ड गॅरीच्या ब्लास्टॉइजला हरवतो. त्यानंतर गॅरी लढती सोडून संशोधनाकडे वळतो. लहानपणी दोघांनी एकाच वेळी गळाला लावलेल्या पोकेबॉलचे (पोकेमॉन पकडायच्या चेंडूचे) दोन तुकडे झाले होते, आणि इतक्या भांडणांतही दोघांनी आपापला अर्धा भाग जपून ठेवलेला असतो. गॅरी हरला म्हणून संपला, असं ही मालिका एकदाही म्हणत नाही. 2019 च्या गेममधला प्रतिस्पर्धी हॉपसुद्धा चॅम्पियन होत नाही आणि प्रोफेसर व्हायच्या मागे लागतो.

पण माझ्या मुलांना सगळ्यात जास्त भिडतो तो पॉल. त्याचा हिशेब साफ आहे, पोकेमॉन पकडायचा, ताकद तपासायची, कमी पडला तर सोडून द्यायचा. चिमचार या त्याच्या पोकेमॉनची आग पेटलेली त्याने एकदा पाहिलेली असते, ती पुन्हा पेटावी म्हणून तो त्याला रगडतो. दुहेरी सामन्यात समोर झँगूस हा पोकेमॉन दिसताच चिमचार भीतीने गोठतो आणि पॉल त्याला टाकून देतो. अॅश त्याला जवळ करतो. त्या भागानंतर वर्गातला एक मुलगा हळूच म्हणाला, ‘मॅम, मला पण त्या क्लासमधून असंच काढलं होतं.’ कुठला क्लास ते मी विचारलं नाही. आपल्या शहरात वरची बॅच आणि खालची बॅच हे शब्द मुलं किती लवकर शिकतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

चिमचार पुढे वाढून, रूप बदलून इन्फर्नेप होतो. मधल्या काळात सहा विरुद्ध सहाच्या लढतीत पॉल अॅशला हरवतोसुद्धा. शेवटी सिन्नोह लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत हाच इन्फर्नेप पॉलच्या इलेक्टिव्हायर या पोकेमॉनला लोळवतो आणि दोघांतली अढी सुटते. गंमत म्हणजे अॅश लगेच उपांत्य फेरीत हरतो, पण तो पराभव वर्गात कोणाला चटकन आठवत नाही. अॅश-पॉल लढत मात्र सगळ्यांना पाठ आहे, कारण दोघांची नावं एकत्र लक्षात राहिली.

आपल्याच नागपूरच्या दिव्या देशमुखचं बघा. जुलै 2025 मध्ये बातुमीला ती महिला विश्वचषक जिंकली, ग्रँडमास्टर झाली आणि शहरभर आनंद झाला. समोर कोनेरू हंपी होती, जी दिव्याच्या जन्माआधी, 2002 मध्येच ग्रँडमास्टर झाली होती. दोन्ही क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाचे, डाव बरोबरीत सुटले, निकाल टायब्रेकच्या जलद डावांत लागला. हंपीचं नाव गाळून ही बातमी लिहिली तर दिव्याने केलं काय, ते वाचणाऱ्याला कळेल का?

गेल्या उन्हाळ्यात माझी एक विद्यार्थिनी शालेय स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत हरली. हत्ती आणि प्याद्यांचा शेवट होता, घड्याळात फार वेळ उरला नव्हता, तरी ती चिवटपणे लढली. दुसऱ्या दिवशी बातमी वाचून तिने मला विचारलं, ‘मॅम, तो काय एकटाच खेळला का?’

म्हणून विनंती आहे. शालेय स्पर्धेची बातमी छापताना शेवटच्या फेरीतल्या दोघांची नावं द्या, जमल्यास पटाशेजारचा दोघांचा एकत्र फोटो द्या. जागा कमी पडत असेल तर पाहुण्यांची यादी आखडा, त्यांची हरकत नसावी. आणि आठवड्यातून एकदा एखादा निर्णायक डाव छापता आला तर फारच छान. खेळाडूंनी लिहिलेल्या चालींचे कागद आयोजकांकडे असतात, त्यावर दोघांच्याही सह्या असतात. चाली तपासून, मराठीत नीट लिहून तुमच्या कार्यालयात पोहोचवायचं काम मी आनंदाने करीन.

– एक बुद्धिबळ शिक्षिका, नंदनवन, नागपूर