येझदीला तिचा आवाज परत देणाऱ्या मिस्त्रींस

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

माझी 1976 सालची येझदी मोटारसायकल आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातील गॅरेजातून घरी आली, त्याला आता एक पावसाळा उलटला. कामाची मजुरी मी त्याच दिवशी चुकती केली असली, तरी मजुरीत न मावणारे आपले जे ऋण माझ्यावर आहे, ते चारचौघांसमोर मान्य करावे, म्हणून हे अनावृत पत्र लिहीत आहे.

गाडी आपल्याकडे आली तेव्हा ती पांढऱ्या धुराचे लोट सोडत होती आणि सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठा करून, नवा पिस्टन टाकावा, असा सल्ला मला अन्यत्र मिळाला होता. आपण मात्र सिलिंडरला हात लावण्याआधी गिअरबॉक्समधील तेल पाहिले. जमिनीवर एक थेंब सांडत नसताना तेल कमी होत असेल, तर ते आतल्या आत कुठे जाते, एवढेच आपण विचारलेत आणि क्लच उतरवून क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या आसाच्या, डाव्या बाजूचे तेल अडवणारे ऑइल सील माझ्या तळहातावर ठेवलेत. त्याचे रबर कडक होऊन कड चिरली होती. टू-स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या बंद पेटीत, जी ओढ निर्माण होते, तिच्यामुळे त्या चिरेतून गिअर ऑइल आत खेचले जात होते आणि पेट्रोलबरोबर जळत होते. सिलिंडर मापात होता, म्हणून आपण तो तसाच ठेवलात. नको असलेले काम ‘नको’ म्हणून सांगणारा कारागीर भेटणे हे माझे मोठे भाग्य मी समजतो.

पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला मात्र खरोखरच प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला होता. प्रेसवर क्रँक उघडून नवी पिन बसवल्यावर आपण तो लेथच्या दोन सेंटरमध्ये धरलात, बारीकशी डगमगही सुईने दाखवणारे डायल गेज लावलेत आणि हाताने सावकाश फिरवू लागलात. सुई हलली की तांब्याच्या हातोड्याचा एक बेताचा ठोका, पुन्हा एक फेरा, पुन्हा सुईकडे नजर. ती मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांत स्थिरावेपर्यंत आपण कोणाशी बोलला नाहीत. कोल्हापूरचे नाव फाउंड्री आणि लेथकामाने झाले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते नाव कसल्या हातांनी कमावले, हे मला त्या दिवशी दिसले.

आम्ही विशीत होतो तेव्हा रस्त्यावर मोटारसायकली म्हणजे प्रामुख्याने बुलेट, राजदूत आणि जावा-येझदी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून आलेल्या या गाडीत एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर होते. डाव्या पायाजवळचा एकच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होत असे आणि जागेवर आणला की गिअर. शिवाय गिअर बदलताना तो दाबताच क्लच आपोआप मोकळा होण्याची सोय होती. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना मोठी माणसे बजावत, की ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून देऊ नका, कारण इंजिनाला ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळते आणि पेट्रोल थांबले की इंजिन कोरडे पडते. त्यामुळे उतारावरही अधूनमधून ॲक्सिलरेटर द्यावा लागे आणि दरीतून त्याचा घुमारा उठे. पुढे 1985 च्या सुमारास शंभर सीसीच्या जपानी बनावटीच्या गाड्या आल्या, पेट्रोलचा हिशेब त्यांच्या बाजूने गेला आणि 1996 साली म्हैसूरचा कारखाना बंद झाला. 2018 साली जावा हे नाव फोर-स्ट्रोक इंजिनाच्या नव्या गाडीवर परतले, याचा मला मनापासून आनंद झाला; परंतु आमच्या तरुणपणाचा ठोका टू-स्ट्रोकचा होता आणि तो केवळ जुन्या इंजिनातूनच ऐकू येऊ शकतो.

म्हणूनच ठिणगीची वेळ साधणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का, असे मी विचारले असता आपण दिलेल्या उत्तरासाठी आपले विशेष आभार मानतो. वाटेत बंद पडली तर पॉइंट स्वतः घासून घरी येता येईल, असे म्हणून आपण फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांचे फीलर गेज माझ्या हाती दिलेत आणि 0.4 मिलिमीटरची फट मला स्वतःला लावता येईपर्यंत शेजारी बसून राहिलात. आपल्याकडे काम शिकणारी दोन मुलेही तेव्हा वाकून पाहत होती. त्यांपैकी एकाने जरी हे काम पुढे चालवले, तरी या भागातील कित्येक जुन्या गाड्या चालत्या राहतील.

दिवाळीनंतर सायलेन्सरमधील कार्बन साफ करून घेण्यासाठी गाडी घेऊन येईन. काम झाल्यावर गगनबावड्यापर्यंत ती आपण चालवावी आणि मी मागे बसावे, अशी माझी इच्छा आहे; कृपया एक रविवार मोकळा ठेवावा.

आपला कृतज्ञ,
एक येझदीस्वार