आक्का, तुमचं नाव कुणीच घेतलं नाही

आदरणीय आक्कांना साष्टांग नमस्कार.

मालिकेत काम केलं म्हणून माझं कौतुक पुष्कळ झालं. गल्लीत फलक लागला, शाळेत सत्कार झाला. त्यात तुमचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

अप्पा मागावर, आई नुकतीच बाळंतपणातून उठलेली. शूटिंग कोल्हापुरात. बरोबर जाणार कोण? तुम्ही शाळेतून निवृत्त झाला होता. "मी जाते की," म्हणालात आणि बेळगावहून निपाणीमार्गे आपल्या एसटीच्या फेऱ्या सुरू झाल्या.

पहिल्याच दिवशी तुम्ही पिशवीतून बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांची झेरॉक्स काढलीत. बालकलाकाराला दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग 3 तासांच्या वर नाही, सलग 27 दिवसांहून जास्त शूटिंग नाही. मिळकतीतला किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागदही दाखवा म्हणालात. "आमच्याकडे असं कुणी विचारत नाही हो," प्रॉडक्शनचा माणूस म्हणाला. "मग आता विचारणारी आलेय की," तुम्ही म्हणालात. रात्री 'एकच शॉट राहिलाय' असं चालू झालं की तुम्ही सरळ माझी वेणी सोडायला घ्यायचात. वेणी सुटली की शॉट उद्यावर.

अभिनेत्री नंदांची गोष्ट तुम्ही गाडीतच सांगितली होती. त्यांचे वडील, दिग्दर्शक-अभिनेते मास्टर विनायक 1947 मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांची लेक 'बेबी नंदा' म्हणून पडद्यावर आली. पुढे 'भाभी', 'आँचल', फिल्मफेअर, मोठं नाव. मला ते ऐकून हुरूप आला होता. तुम्ही मात्र एवढंच म्हणालात, की त्या वयात घर चालवायचं ओझं पोरीवर पडू नये. मग पेन्सिल काढून भागाकार घातलात.

त्याचा अर्थ मला लीप आला तेव्हा कळला. मालिकेची कथा बारा वर्षं पुढे गेली, माझं पात्र कॉलेजात गेलं आणि माझ्या जागी मोठी मुलगी आली. मुलांच्या कामाचं असंच असतं. दुधाचे दात पडतात, उंची वाढते, चेहरा बदलतो, आणि ज्या वयासाठी घेतलं ते वय संपलं की काम संपतं. यात कुणाचा राग नाही. पण शेवटच्या दिवशी केक कापून घरी आले आणि दुसऱ्या सकाळी मला फोनच येणार नव्हता. त्या पोकळीत पोरं कशी हरवतात ते मी नंतर पाहिलंय.

मी हरवले नाही, कारण माझी जागा वर्गात शिल्लक होती. चाचण्या चुकल्या तरी वह्या पुऱ्या होत्या. मेकअपच्या खोलीत तुम्ही करून घेतलेल्या. एसएसएलसीला, म्हणजे आमच्याकडच्या दहावीला, कन्नडमध्येही चांगले गुण मिळाले, तेही तुमचंच काम. उन्हाळ्यात बालनाट्याला पाठवलंत, तिथे पहिल्यांदा कळलं की टाळी समोरून येते. आता मी नाटकच करणार आहे, शिकता शिकता. ठेवीचे पैसे 18 पूर्ण झाल्यावर हातात आले, त्यातून पदवीची फी भरली.

गुडघे दुखत असताना तुम्ही हे केलंत. येण्याजाण्याच्या भाड्यापलीकडे एक रुपया घेतला नाहीत. आई म्हणते, सख्खी बहीणही एवढं करत नाही. तिचा, अप्पांचा आणि माझा, तिघांचा नमस्कार घ्या.

तुमची,
शहापूरची पोर