दुखण्याची गोळी सुटली, आता थँक्यू म्हणू द्या

बायपासला सहा आठवडे झाले अन् काल रात्री पहिल्यांदा ट्रॅमाडॉल या दुखण्याच्या जोरदार गोळीशिवाय झोपलो. खोकला आला की उशी छातीशी गच्च धरायला शिकवणाऱ्या रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचं नाव विचारायचंच राहिलं बाप्पा! अन् नागपूरच्या धंतोलीतले मेडिकलवाले दादा, मी वैतागून गोळी एकदम बंद करतो म्हटलं तर तुम्हीच अडवलं, काका आधी डॉक्टरांना फोन करा, ही हळूहळूच सोडायची, नाहीतर घाम, मळमळ, झोप गायब, अन् बदल्यात मनानेच ब्रुफेन तर घेऊच नका. मग डॉक्टरांनी तीनाच्या दोन, दोनाची एक करत पॅरासिटामॉलवर आणलं. अंबाझरीला माझ्या गोगलगायीच्या चालीने सोबत चालणारे अनोळखी भाऊ, तुमचेही आभार. सोमवारी येतो, थांबा जरा.