बर्फात माश्या जगतात कशा

गेल्फ, ऑन्टारिओ, कॅनडा
९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "उणे वीसमध्ये माश्या जगतात कशा गं?" आणि तेवढ्यात फोन कटला. म्हणून आज लिहायलाच बसले. माझ्या मधमाश्यांच्या दोन्ही पेट्यांची थंडीची तयारी कालच संपली.

पहिलं म्हणजे त्या झोपून राहत नाहीत. पारा १४ अंशांच्या खाली गेला की राणीभोवती गोळा होतात आणि थंडी वाढेल तसा तो गोळा घट्ट होत जातो. पंख न फडफडवता नुसते पंखांचे स्नायू थरथरवून ऊब करतात. त्याला लागणारं जळण म्हणजे मध. इथे वसंत ऋतूपर्यंत एका पेटीला २५ ते ३० किलो तरी हवा. पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही पेटी मागून एका हाताने जराशी उचलून वजन ओळखायचात ना, मी अजून तसंच करते. सप्टेंबरात एक पेटी हाताला हलकी लागली. मग दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असा दाट पाक दिला. तुमचा पावसाळ्यातला पाक पातळ असतो; इथे थंडीच्या आत त्यातलं पाणी उडवायला माश्यांना सवडच नसते. त्या दिवसांत गोल्डनरॉडचा पिवळा फुलोरा होता. त्याचा मध पिकताना पेटीजवळ अगदी मळक्या मोज्यांसारखा वास येतो. आई, तू नाक धरून पळाली असतीस. पण मला तो वास आवडतो. तो आला की घरात धान्य भरल्यासारखं वाटतं.

गेल्या थंडीत एक पेटी गेली, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. मार्चमध्ये झाकण उघडलं तर मूठभर माश्या चौकटीवर तशाच चिकटून मेलेल्या, डोकी पोळ्याच्या घरांत खुपसलेली. शेजारच्या चौकटीत, वीतभर अंतरावर, मध शिल्लक होता. गोळा इतका लहान झाला होता की थंडीत तिथवर सरकणंही त्यांना जमलं नाही. मी तिथेच खाली बसले आणि रडले.

चूक माझीच होती. थंडी काढणाऱ्या माश्या ऑगस्ट-सप्टेंबरात जन्मतात. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते, ह्या पाच-सहा महिने जगतात. पण अळ्या-कोषांत असतानाच व्हरोआ नावाची गोचिडासारखी कीड त्यांना लागली, तर त्या जन्मतःच अशक्त निपजतात. मी औषध दिलं ऑक्टोबरात. तोवर कीड मेली तरी माश्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

बाबा, ही कीड मूळची आपल्याकडच्या माशीची. तुमच्या सातेरी माश्या तिला ओळखून आहेत: एकमेकींच्या अंगावरून ओढून काढतात, आणि ती वाढते तीही बहुतेक नरांच्या घरांतच. इथल्या युरोपीय माशीला तिची सवयच नाही. तुम्हाला कधी ह्या किडीसाठी औषध घालावं लागलं नाही, त्याचं कारण आत्ता कळलं.

यंदा मध काढला त्याच आठवड्यात, ऑगस्टमध्ये, फॉर्मिक आम्ल ठेवलं. मुंगीच्या डंखात असतं तेच. मग अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या, अल्कोहोलमध्ये धुऊन किडी मोजल्या. त्या ३०० जातात, त्याचं वाईट वाटतं, पण पेटीचा अंदाज तसाच येतो. शंभर माश्यांमागे तीन ही धोक्याची रेघ. गेल्या वर्षी सप्टेंबरात ३०० मध्ये १४ निघाल्या होत्या, यंदा ४.

दुसरा शत्रू ओल. माश्यांच्या श्वासाची वाफ थंड झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि ते गोळ्यावर ठिबकतं. कोरड्या माश्या थंडी सोसतात, भिजलेल्या नाही. म्हणून वर एक छोटं भोक ठेवलंय, पेटी पुढे किंचित कलती केलीय आणि झाकणाखाली जाळीवर लाकडाच्या भुशाची उथळ पेटी बसवलीय. आई, भुशाखाली जे कापड घातलंय ना, ते तुझ्या त्या विरलेल्या निळ्या सुती साडीचं. तीन पदरी करून शिवलं. तू बांधून दिलीस तेव्हा "कशाला गं एवढं" म्हणाले होते.

बाकी किरकोळ: दाराला उंदीर शिरू नये म्हणून पत्रा, बाहेरून काळं वेष्टन.

बाबा, तुमच्या पेट्या आता जड होत असतील. पाठ दुखत असताना त्या एकट्याने उचलू नका, शेजारच्या पोराला हाक मारा. आणि ह्या वेळी जांभळाला मोहोर आला की लगेच कळवा.

जानेवारीत, सगळं गोठलेलं असताना, पेटीला कान लावला की आत बारीक गुणगुण ऐकू येते. त्या दिवशी फोन पेटीला लावून धरीन. तुमच्याकडे तेव्हा रात्र असेल, पण उचला.

तुमची,
बाळी