सैन्यभरतीच्या तयारीत पोहणेही हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

28 जून 2024 च्या रात्री लडाखमध्ये श्योक नदीचे पाणी अचानक वाढले आणि पात्र ओलांडणाऱ्या टी-72 रणगाड्यातील 5 जवान गेले. त्या बर्फाळ लोंढ्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचाही निभाव लागणे अवघड. तेव्हा दोष कुणाला देण्यासाठी हे लिहीत नाही. पण सैन्यातले पाणी कसे असते, याची आपल्या भरतीच्या पोरांना कल्पनाच नसते, याची मला फार काळजी वाटते.

आमच्या माण-खटावच्या रस्त्यांवर पहाटे 1600 मीटरचा सराव करणारी मुले जागोजागी दिसतात. बीमवरचे पुल-अप्स, 9 फुटांच्या खड्ड्यावरची उडी, सगळे पक्के. मैदानावर पोहण्याची चाचणी नसते, म्हणून अकॅडमीवालेही तिकडे बघत नाहीत. पूर्वी पाठीला डबा बांधून पोरांना विहिरीत सोडायचे आणि एका उन्हाळ्यात ती पोहायला लागायची. आता विहिरी आटल्या, बोअर आल्या. अग्निवीराची 4 वर्षे प्रशिक्षण धरूनच मोजतात. त्यात पाण्याची भीती मोडण्यापासून सुरुवात करायची, तर वेळ कुठून आणणार?

शिवाय चड्डीवर तलाव पार करणे वेगळे आणि वर्दी-बुटांसह पाण्यात पडणे वेगळे. थंड पाण्यात पडताच धाप लागते, श्वासावर ताबा राहत नाही. तेव्हा हातपाय न झाडता उताणे तरंगायचे आणि श्वास ताब्यात आला की मगच हालचाल करायची. ओल्या पँटच्या पायांना गाठी मारून आत हवा भरली की तिचाच आधार होतो. ग्राउंडशीटमध्ये, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या जलरोधक कापडात, सामान घट्ट बांधले तर गाठोडे तरंगते. हे ऐकून येत नाही. जाणकार उस्तादाच्या नजरेखाली, काठावर दोर आणि जीवरक्षक ठेवून, पुन्हा पुन्हा केले तरच अंगात मुरते.

मात्र पाण्याची शिक्षा कधीही करू नये. अमेरिकेत पॅरिस आयलंडच्या मरीन प्रशिक्षण केंद्रात 1956 साली शिस्त लावण्याच्या नावाखाली पलटणीला रात्री खाडीत उतरवले आणि 6 रंगरूट बुडाले. आपल्याकडच्या खासगी अकॅडम्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

माझी मागणी साधी आहे. जिल्हा आणि तालुका क्रीडा संकुलांत जिथे तलाव आहेत, तिथे भरतीच्या मुलांसाठी सकाळची एक वेळ राखून ठेवावी आणि फी परवडेल इतकीच घ्यावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने पोहण्यात तरबेज माजी सैनिकांना तिथे उस्ताद म्हणून बोलवावे. मुलींसाठीही स्वतंत्र वेळ हवी, लष्करी पोलिसांत त्याही अग्निवीर म्हणून जात आहेत.

आपला,
एक माजी सुभेदार, ता. खटाव, जि. सातारा