विषय : इनबोर्ड डिझेल इंजिनाचे केवळ कागदावर झालेले ट्यून-अप

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या सेवा केंद्राला केलेला शेवटचा फोन ठेवून मी हे पत्र लिहीत आहे. यापुढे या विषयावर मी फोनवर बोलणार नाही; जे उत्तर द्यायचे असेल ते लेखी द्यावे.

माझ्या बोटीतील आपल्या इंजिनाने पूर्ण लोडवर ३६०० आरपीएम (मिनिटाला फेरे) द्यावेत, असे त्याच्या पाटीवरच कोरलेले आहे. ते आता २७०० च्या वर चढत नाही आणि तिथे पोहोचताच काळा धूर ओकते. न्यूट्रलमध्ये मात्र ते पूर्ण वेग घेते, म्हणजे थ्रॉटलची केबल अडत नाही. बोट वर काढून तळाचे शेवाळ आणि शिंपले खरवडून झाले आहेत, प्रोपेलर मूळ पिचचाच (पात्यांच्या तिरकेपणाचाच) आहे, त्याची पाती सरळ आहेत आणि डिझेलचे फिल्टर नवे आहेत. हे सर्व आपल्या मेकॅनिकला काम सुरू होण्यापूर्वीच सांगितले होते. त्यावर त्याने, जुन्या इंजिनात पंचवीस टक्के इकडे-तिकडे व्हायचेच, असे सुनावले. प्रोपेलरला लागणारी शक्ती आरपीएमच्या साधारण घनाच्या प्रमाणात बदलते, हे इंजिने बनवणाऱ्यांना मी सांगायला नको. पाऊणपट आरपीएमला ती सुमारे ४२ टक्केच उरते. अर्ध्याहून अधिक शक्ती 'इकडे-तिकडे' झाली असेल, तर ती नेमकी कुठे गेली हे शोधण्यासाठीच मी आपल्याकडे आलो होतो.

जॉब कार्डावर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारी यंत्रणा), इंजेक्टर (इंधनाचा फवारा), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि एक्झॉस्ट (धुराचा मार्ग) या चारही नोंदींपुढे बरोबरच्या खुणा आहेत. टॅपेट कव्हरच्या नटांवरचा जुना रंग कव्हरच्या पत्र्यापर्यंत सलग आहे, त्याला साधी चीरही गेलेली नाही. कव्हर न उघडता टॅपेटची फट मोजणारे फीलर गेज आपण बनवले असेल, तर मी पहिला गिऱ्हाईक व्हायला तयार आहे. कॉम्प्रेशनचा एकाही सिलिंडरचा आकडा कार्डावर नाही.

आता त्या फोनविषयी. आपल्या प्रतिनिधीने प्रथम विचारले, "गाडी किती किलोमीटर चालली आहे?" ही बोट आहे, इंजिनाचे तास मोजले जातात, असे मी सांगितले. नंतर त्यांनी स्पार्क प्लग बदलायला सांगितले. त्यांना ग्लो प्लग म्हणायचे असेल असे समजून, तो थंड इंजिन सुरू करण्यापुरता असतो, पूर्ण वेगाशी त्याचा संबंध नाही, असे मी शांतपणे म्हणालो. "नाही सर, स्पार्क प्लगच," असे उत्तर आले. डिझेल इंजिनात हवा दाबून तापते आणि त्याच उष्णतेने इंधन पेटते, हे मी आपल्याच कंपनीला आपल्याच इंजिनाबद्दल समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तुमची तक्रार चुकीच्या विभागात नोंदली गेली आहे, ती बंद करून नवी करावी लागेल." आणि माझी तक्रार त्यांनी खरोखरच 'समाधानकारक निराकरण' या शेऱ्यासह बंद केली. तसा संदेशही मला आला.

शेवटी मी स्वतःच रबरी पाइप काढून एक्झॉस्ट एल्बोमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या जोडात, बॅटरी मारून पाहिले. जिथे गरम धूर आणि समुद्राचे पाणी एकत्र येते तिथे काजळी आणि क्षाराचा दगडासारखा थर बसला असून करंगळी जेमतेम जाईल एवढीच वाट उरली आहे. धूर बाहेर पडायला जागा नसेल, तर ताजी हवा आत यायची कशी? एल्बो ठरावीक काळाने उघडून तपासावा, असे आपल्याच पुस्तिकेत छापले आहे. ज्याने 'एक्झॉस्ट तपासला' अशी खूण केली, त्याने तो पाइपही काढला नव्हता. टॅपेट कव्हरला तर हातही लावला नव्हता, हे मी वर लिहिलेच आहे. नवा एल्बो मागितला, तर तो भाग बंद झाला आहे, नवे इंजिन घ्या, हा सल्ला मिळाला.

हे इंजिन मी आपल्या नावावर विश्वास ठेवून इतकी वर्षे सांभाळले. तो विश्वास आता उरलेला नाही. एल्बो किंवा त्याचा चालणारा पर्याय द्यावा, चारही कामे माझ्यासमोर पुन्हा करावीत आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन व प्रत्येक इंजेक्टरचा उघडण्याचा दाब आकड्यांत लिहून द्यावा. तोपर्यंत बिलाची उरलेली रक्कम मी भरणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हे जॉब कार्ड आणि रंग न उखडलेल्या नटांची छायाचित्रे घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन.

आपला,
एक जुना ग्राहक